मालनच्या ट्रंकेतल्या बावीस वस्तू

ट्रंकेत बावीस वस्तू होत्या.

नऊवारी लुगडी पाच, चोळ्या सहा, खण दोन. हस्तिदंती फणी, कुंकवाचा करंडा, काठ उडालेला हातआरसा, चांदीचा छल्ला, अत्तराची रिकामी कुपी. काचेच्या बांगड्यांची एक पुडी. पुडीतल्या बांगड्या शुभाने वेगळ्या धरल्या नव्हत्या. विणायच्या सुयांचा एक जोड आणि घोट्यापर्यंत येऊन थांबलेला खाकी लोकरीचा एक मोजा. अगदी तळाशी मराठी सातवी पास झाल्याचा दाखला. तिने दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने, कारखान्याच्या प्रयोगशाळेत महिनाअखेरीला बाटल्या मोजायची तसं. बावीसच.

झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेली यादी होती. अक्षर नंदकिशोरचं, खाली तारीख ऑक्टोबर १९४४. यादीतही बावीस वस्तू होत्या. ट्रंक आणि यादी बरोबर जुळत होती, आणि तीच अडचण होती.

कारण दर वर्षी या ट्रंकेतली एक वस्तू कमी व्हायला हवी होती.

भाद्रपदातली अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. या घरातली अशी बाई म्हणजे मालन, नंदकिशोरची पहिली बायको, चव्वेचाळीस साली विषमज्वराने गेलेली. पंचेचाळीसच्या पहिल्या नवमीला कापड रेशनवर होतं. ओटीला नवं लुगडं आणायचं कुठून, म्हणून सासूबाईंनी मालनच्याच ट्रंकेतलं घडी न मोडलेलं एक लुगडं काढलं. लढाई संपली, कापड मिळायला लागलं, पण पद्धत पडली ती पडली. सवाष्ण ठरलेली: मोठी जाऊ कुंदावहिनी. दहा नवम्या झाल्या होत्या. तीन लुगडी, चार चोळ्या, दोन खण, एक फणी. दहा वस्तू गेल्या, बारा उरायला हव्या होत्या.

शुभाने फणी उचलून उजेडात धरली. डावीकडून तिसरा दात तुटलेला. गेल्या वर्षी ही फणी कुंदावहिनींच्या ओटीत पडताना तिने स्वतः पाहिली होती.

“शुभा, काढलंस का गं लुगडं?” सासूबाईंचा आवाज मधल्या खोलीतून आला. “अंजिरी काढ. डोळ्यांना धड दिसत असतं तर मीच काढलं असतं. वर्षानुवर्षं कुंदाच काढायची. पण आता तुझं बिऱ्हाड वेगळं व्हायचं म्हणताय, तर शिकून घे.”

“काढते, आई.”

ट्रंकेची किल्ली नंदकिशोरच्या लिहिण्याच्या पेटीत असे. आज सकाळी त्यानेच ती काढून शुभाच्या हातात दिली होती. त्याच पेटीत, किल्लीखाली, त्याच्या कंपनीचं पत्र होतं. चेंबूरला दोन खोल्यांचा ब्लॉक, होकार सोमवारपर्यंत कळवावा. पत्र येऊन अठरा दिवस झाले होते. रोज शुभा विचारी, रोज तो म्हणे, “बघू.” आज रविवार होता.

ट्रंकेसमोर उकिडवं बसल्या बसल्या शुभाने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यात रेघ ओढली. दिलेल्या वस्तू कुणीतरी परत आणून ठेवत होतं. किल्ली नवऱ्याकडे. म्हणजे दर वर्षी नवमी झाली की हा माणूस वहिनींकडे जाऊन वस्तू मागून घेत होता. एक खणसुद्धा त्याला सोडवत नव्हता. मग ज्या घरात ती वावरली ते घर कसं सोडवेल?

लग्नाआधीच तिला सगळं सांगितलेलं होतं. बिजवर आहे, मूलबाळ नाही, बाई जाऊन आठ वर्षं झाली. बी.एस्सी. झालेली, नोकरी करणारी मुलगी. तिने विचार करून होकार दिला होता. मेलेल्या माणसाचा मत्सर करण्यात अर्थ नाही, हे तिला पुरेपूर कळत होतं. ते कळण्याचा उपयोग मात्र अडीच वर्षांत एकदाही झाला नव्हता.

बाहेर टांगा थांबला. “अगं ए, भाडं दे रे कुणीतरी, माझ्याकडे सुटे नाहीत!” अंधेरीची नणंद, पद्मजा, आली होती.

शुभाने अंजिरी लुगडं बाजूला ठेवलं. मग जरा थांबून ते परत ट्रंकेत टाकलं, फणी पदराखाली घेतली आणि झाकण लावलं.

*

स्वयंपाकघरात खिरीचा वास भरला होता. आज कुंदावहिनींना काम करायचं नव्हतं. त्या न्हाऊन, केस मोकळे सोडून पाटावर बसल्या होत्या आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना काम सांगत होत्या. पस्तिशीची, सडपातळ, हाताची बोटं सतत काहीतरी निवडत असल्यासारखी हलती.

“वडे जरा जाड थाप, शुभा. मालन थापायची ना, पुरीसारखे टम्म फुगायचे.”

“हो का,” शुभा म्हणाली.

पद्मजावन्सं दारात टेकून पदराने वारा घेत होत्या. “मालनचं काय गं सगळंच फुगायचं. आठवतं, भाकरी फुगली की म्हणायची, बघा वन्सं, विमान उडालं! विमानांचं वेडच होतं पोरीला.”

“वेड कसलं?” कुंदावहिनी म्हणाल्या. “डोकं होतं. वरून विमान गेलं की आवाजावरून सांगायची, दोन इंजिनांचं की चार. भाऊजी पडवीत जाऊन बघायचे, बरोबर निघायचं. आपण बायका खाटेखाली जायच्या तयारीत, आणि ही अंगणात मान वर करून उभी.”

शुभाने वडा तेलात सोडला. सातवी पास, हे तिच्या मनात आलं, आणि आल्याचीच लाज वाटली. इंजिनं मोजायची कशी, आवाजाच्या कंपनांवरून ते खरंच कळतं का, याचा विचार तिने जाणूनबुजून केला नाही.

“शुभाला कंटाळा येत असेल आपल्या लढाईच्या गोष्टींचा,” वन्सं म्हणाल्या. “पण तुला सांगते, आमच्यासारखी लग्नं कुणाची झाली नसतील. माझं त्रेचाळीसचं. वरात निघाली तर गॅसबत्तीला खाकी कागद गुंडाळलेला. उजेड पायाच्या अंगठ्यापुरता. मला तीन दिवस फक्त ह्यांचे बूट माहीत होते. चौथ्या दिवशी सकाळी एक माणूस चहा मागायला आला, मी म्हटलं, आपण कोण?”

सासूबाई मधल्या खोलीतून हसल्या. “खोटं बोलते. दुसऱ्या दिवशीच पाहिलं होतंस, खिडकीतून.”

“पाहिलं होतं, पण आवडला नाही म्हणून मोजलं नाही.”

शुभालाही हसू आलं. वन्संचं हे बरं होतं, त्यांच्या गोष्टीत फक्त त्या असत.

“आणि तुझा नवरा गं,” वन्सं तिच्याकडे वळल्या. “वॉर्डन! डोक्यावर पत्र्याचं टोपडं, हातात शिट्टी. रात्रभर गस्त. ‘दिवा मालवा, दिवा मालवा.’ महिन्यातल्या दहा-दहा रात्री स्वतःहून घ्यायचा. नवीन लग्न झालेलं पोरगं! आम्ही म्हणायचो, ह्याला बायकोपेक्षा दिव्यांची काळजी जास्त. पण मालन कधी चकार शब्द बोलली नाही. अशी जोडी होती दोघांची. न बोलता कळायचं.”

शुभाने झारा तेलाच्या कडेला आपटला. न बोलता कळायचं. तिला अठरा दिवस बोलूनही कळत नव्हतं.

“पद्मा, पुरे,” कुंदावहिनी अचानक म्हणाल्या. “त्या चेंबूरचं बघ जरा. समजाव तुझ्या भावाला. तिकडे पाणी नाही, वस्ती नाही, स्टेशनपासून चालून चालून तंगड्या गळतील. इथे काय अडलंय? शुभा नोकरीला जाते तर घरात मी आहे. डबा तयार असतो. तिकडे कोण देणार?”

“डबा मी करीन, वहिनी.”

“करशील गं. आणि दिवस राहिले म्हणजे?”

“आता कुंदा, हे मात्र जास्त होतं,” वन्सं म्हणाल्या. “दोन खोल्या फुकट मिळतायत. माझा नवरा मला नाहूरपलीकडे जंगलात खोली देईल ना, तर मी उद्या जाईन. पोरीला आपलं दार आपण लावू दे की एकदा.”

“मी कुठे अडवतेय?”

“अडवतेयस.” हे सासूबाईंनी म्हटलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या, हात चौकटीवर. “पण मला तरी जा म्हणवत नाही. घरातलं एकेक माणूस उठलं की भिंत मोठी वाटते.”

दोन विरुद्ध एक, शुभाने मोजलं. आणि ज्याचं मत चालायचं तो पडवीत वर्तमानपत्र वाचतोय.

*

पानं मधल्या खोलीत मांडली. मार्तंडभाऊजी, कुंदावहिनींचे यजमान, सोवळं नेसून बसले; लष्करात चार वर्षं सप्लाय खात्यात काढल्यापासून ते कुठेही बसले तरी पाठ ताठ असे. शेजारी नंदकिशोर. समोर एकट्या पाटावर, भोवती रांगोळी, कुंदावहिनी. कुंदावहिनींची मुलं आधीच जेवून अंगणात गेली होती.

ओटी भरायचं काम शुभाचं. तांदूळ, नारळ, हळदकुंकू. ताम्हणात झाकून ठेवलेली वस्तू. तिने कुंदावहिनींना कुंकू लावलं, नारळ दिला, आणि मग ताम्हणावरचं फडकं काढलं.

फडकं काढताना ती कुंदावहिनींकडे पाहत नव्हती. नवऱ्याकडे पाहत होती.

नंदकिशोरने फणी पाहिली. पाण्याचं भांडं उचललं, एक घोट घेतला, खाली ठेवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. चोर पकडला गेल्यावर असा पाणी पीत नाही, एवढं शुभाला कळत होतं. मग तिने मान वळवली.

कुंदावहिनींचा पदर पसरलेला होता. पदराखालचे हात मात्र मागे गेले होते.

“घ्या ना, वहिनी.”

“अंजिरी लुगडं ठरलं होतं,” कुंदावहिनी म्हणाल्या. आवाज कोरडा.

“काय दिलंयस गं?” सासूबाईंनी विचारलं.

“फणी, आई. गेल्या वर्षी दिली होती तीच. तिसरा दात तुटलेली.” शुभाला थांबता आलं असतं. ती थांबली नाही. “ट्रंकेत बावीसच्या बावीस वस्तू आहेत. दहा वर्षांत दिलेलं सगळं परत जागेवर आहे. मला वाटलं, ह्यांनी परत ठेवलं. ह्यांच्याकडेच किल्ली असते, आणि ह्यांना तिचं काही सुटत नाही म्हणून. घरसुद्धा.”

मार्तंडभाऊजींनी घास पानात ठेवला. “नंदा? हे काय ऐकतोय मी?”

“त्याने नाही,” कुंदावहिनी म्हणाल्या. “मी ठेवलं. नवमीला किल्ली संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच असायची.”

“कुंदा, दिलेलं दान परत?” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांचा फायदा घेतलास?”

“घेतला.” त्यांनी पदर आवरला. नारळ मांडीवरून घरंगळला, तो कुणी उचलला नाही. “तिचं एकदा घेतलंय मी. आणखी काय काय घेऊ?”

“काय घेतलंस तू तिचं?” वन्संनी विचारलं. “तुझ्याइतकी तर तिच्यावर कुणी माया केली नाही. विमानहल्ल्याचा भोंगा झाला की तुम्ही दोघी एका अंथरुणात. मी माहेरी आले की बघत होते ना. तू भ्यायचीस आणि ती तुला धरून झोपायची.”

“मी भ्यायले नाही कधी.”

कुंदावहिनींनी रांगोळीची विस्कटलेली कड बोटाने सारखी केली.

“पहिल्यांदा दचकले, तेवढंच. मालनच्या लग्नाचा पहिला हिवाळा. भोंग्याची तालीम होती. आई म्हणाल्या, मालन, जा गं, तिच्याजवळ झोप. ती उशी घेऊन आली. तेव्हा मला कळलं, मी भ्यायले की ती येते.” त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, रांगोळीकडे बघून बोलत होत्या. “मी ह्या खोलीत. ते दोघं आत. मध्ये पडदा. ह्यांचं पत्र महिन्याने यायचं, त्यात अर्ध्या ओळींवर शाई फासलेली. आणि आतून हसणं ऐकू यायचं. मोठ्याने नाही, उशीत तोंड घालून हसल्यासारखं. मी बावीस वर्षांची होते, म्हातारी नव्हते. रोज ते हसणं ऐकायचं. मग तालीम असली तरी भ्यायले, नसली तरी भ्यायले. कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला तरी भ्यायले. ती येत राहिली. भाऊजी पडवीत झोपायला लागले. मग गस्तीच्या पाळ्या मागून घ्यायला लागले. आतली खोली रिकामी.”

मार्तंडभाऊजींची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली. “तू लिहिलं होतंस, मालन मला सोबत करते. मी ते पत्र तंबूतल्या लोकांना वाचून दाखवलं होतं, कुंदा. म्हटलं, बघा, किती गुणाची भावजय आहे.”

“गुणाचीच होती. तेच तर सांगतेय.”

“तिला कळलं नाही कधी?” शुभाच्या तोंडून गेलं.

कुंदावहिनींनी आता तिच्याकडे पाहिलं. “गोदीत तो स्फोट झाला ना, एप्रिलात? इथपर्यंत काचा थरथरल्या. फळीवरची भांडी खाली आली. सगळे अंगणात पळाले. मी तांदूळ निवडत बसले होते, तशीच निवडत राहिले. माझ्या लक्षातच आलं नाही. मान वर केली तर मालन दारात उभी, माझ्याकडे बघत. मग अंधार पडल्यावर ती उशी घेऊन आली. भोंगा नाही, काही नाही. म्हणाली, ‘वहिनी, आज भ्यायला विसरलात तुम्ही.’ आणि माझ्या शेजारी उशी टेकली. त्यानंतर तापाने पडेपर्यंत रोज आली. मी न बोलावता.”

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. “मला काय दिसत नव्हतं? तेव्हा डोळे चांगले होते माझे.”

“आई!”

“ओरडू नकोस, पद्मा. एक मुलगा लढाईवर, एक घरात. घरात दोन सुना. एक रडणार ते ठरलेलंच होतं. दोघी रडायला नकोत म्हणून मी म्हणायचे, जा गं, जवळ झोप तिच्या. मला वाटलं, लढाई काय, वर्ष-दोन वर्षांत संपेल. पुढे आयुष्य पडलंय ह्यांना.”

नंदकिशोरने आपोष्णीचं पाणी घेतलं, पानाला नमस्कार केला आणि उठला. भरलेल्या पानावरून तो असा कधी उठला नव्हता. हात धुतल्याचा आवाज आला, मग पडवीचं दार.

फणी ताम्हणात तशीच होती. शुभाला वाटलं होतं, खरं कळलं की मत्सर सुटेल. नवरा निर्दोष ठरला होता. ट्रंकेचा उलगडा झाला होता. आणि मालन मात्र आणखी मोठी झाली होती. आधी ती वडे चांगले थापायची, विमानं ओळखायची. आता तिने जाणूनबुजून आपलं सगळं दुसरीला दिलं होतं, आणि वर विनोद केला होता. मी दिलं असतं का? शुभाने स्वतःला विचारलं. उत्तर तिला लगेच मिळालं, आणि त्यामुळे मालनचा रागच आला.

*

दुपारी तीनच्या सुमाराला ती पडवीत गेली. नंदकिशोर आरामखुर्चीत बसला होता, मांडीवर लिहायची फळी, फळीवर कागद नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“भीती खोटी होती ते.”

“नाही. आज कळलं.” त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “वस्तू परत येतात ते माहीत होतं. तीन-चार वर्षांपूर्वी यादी लावून बघितली होती.”

“आणि विचारलं नाहीत?”

“वहिनीला काय विचारायचं? वाटलं, घेववत नसेल तिला. मैत्री होती दोघींची.”

“आणि तेव्हा? पडवीत झोपायला लागलात तेव्हा तरी बोलायचं होतंत.”

“कुणाला? आईला जाऊन सांगू, माझी बायको मला परत द्या? दादा तिकडे गोळ्यांच्या माऱ्यात, आणि मी इथे ह्याच्यावरून भांडू?” तो थोडा हसला. “तू बोलली असतीस. तुझं वेगळं आहे.”

हे कौतुक की दुसरं काही, ते शुभाला ठरवता आलं नाही. “चेंबूरचं का अडलंय? आज खरं सांगा.”

“वहिनी म्हणाली होती, नवमी नवऱ्याच्या घरात होते. तू गेलास की ट्रंक तुझ्याबरोबर जाणार. तेवढं करू नकोस. मी म्हटलं, बघू.”

“अठरा दिवस मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? पहिल्या बायकोच्या ट्रंकेपायी तुझं घर अडलंय, असं?” त्याने चष्मा परत लावला. “तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं.”

“काय?”

“फेकून द्या ती ट्रंक.”

शुभाने नाही म्हटलं नाही.

दार करकरलं. कुंदावहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. डोळे सुजलेले, पण केस घट्ट बांधलेले. “भाऊजी, ट्रंक घेऊन जा तुम्ही. माझं काही म्हणणं नाही. आणि चेंबूरला पाणी येतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी तास. मी मागेच चौकशी केली होती.”

“मघाशी तर म्हणालात, पाणी नाही,” शुभा म्हणाली.

“मघाशी खोटं बोलले. आज दिवसभर तेच चाललंय माझं, उघडकीला येणं.” त्यांनी नाक पुसलं. “तुझ्यावर जळते मी, शुभा. तुला वाटतं, तूच एकटी जळतेस? नोकरी आहे, नवरा ब्लॉक घेतोय, आपल्या दाराला आपली कडी. लढाई संपून ह्यांना घरी यायला सेहेचाळीस उजाडलं. आले तेव्हा ह्यांना माझ्या बांगड्यांच्या आवाजानेसुद्धा दचकायला व्हायचं. आमची कोवळी वर्षं कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. मालनची सगळे विचारतात.”

या बाईचा हात धरावा असं शुभाला वाटलं, आणि आज आपल्याला ते जमणार नाही हेही कळलं. “ट्रंक इथेच राहू दे, वहिनी,” ती म्हणाली. “मला नकोय ती. मोठेपणाने सांगत नाही, खरंच नकोय. तुमच्या खाटेखाली ठेवा. नवमीला आम्ही दोघं येऊ. ओटीचं लुगडं मी बाजारातून नवं आणीन. ते तरी घ्याल ना?”

“तुझं घेईन,” कुंदावहिनी म्हणाल्या. “तुझं घ्यायला मला काही वाटणार नाही.”

त्या आत गेल्या. लगेच त्यांचा आवाज आला, “पद्मा, चहा टाकतेस की तोही मीच टाकू? आजची सवाष्ण मी, आणि सकाळपासून उपाशी मीच!” वन्संनी काहीतरी उत्तर दिलं आणि सासूबाई म्हणाल्या, दोघी गप्प बसा.

नंदकिशोरने लिहिण्याच्या पेटीतून कागद काढला. तो सावकाश, गोल अक्षरात लिहीत गेला: आपल्या पत्रानुसार चेंबूर येथील जागा मी सपत्नीक स्वीकारीत आहे. शुभा कठड्याला टेकून वाचत होती. सपत्नीक या शब्दाशी तो थांबला नाही, सरळ पुढे गेला, हे तिने नोंदवलं.

तिला हवं ते मिळालं होतं. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती.

पण डोक्यात गणित सुरू झालेलं होतं आणि ते आता थांबणार नव्हतं. लग्न एक्केचाळीसच्या डिसेंबरात. मरण चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात. चौतीस महिने, म्हणजे साधारण एक हजार तीस रात्री. बेचाळीसच्या फेब्रुवारीत बाँबच्या धास्तीने सगळ्या बायकांना राजापूरला धाडलं होतं, त्या नोव्हेंबरात परतल्या. दोनशे सत्तर वजा. माहेरपणं, सणवार, अंदाजे नव्वद. शेवटच्या तापाचे एकवीस दिवस. उरल्या साडेसहाशे. त्यातून गस्तीच्या पाळ्या, महिन्याला दहा धरल्या तर सव्वादोनशे. उरल्या सव्वाचारशे. या सव्वाचारशेंतून कुंदावहिनींची भीती किती वजा करायची, तेवढा एकच आकडा तिच्याकडे नव्हता. निम्म्या धरल्या तर दोनशेच्या वर. तिच्या स्वतःच्या लग्नाला नऊशे साठ दिवस झाले होते.

“एक विचारू?”

“विचार.”

“लग्न झाल्यापासून ती जाईपर्यंत. तुम्ही आणि ती, दोघंच, आतल्या खोलीत.” तिने आवाज सरळ ठेवला. “किती रात्री?”

नंदकिशोरने सहीवर टिपकागद दाबला, उचलला, पत्राची घडी घातली. तो आठवत नव्हता, बोटांवर मोजतही नव्हता.

“अडतीस,” तो म्हणाला.